वंशाचे नाव न घेता बंदी: दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीचा १८९७ चा कायदा प्रत्यक्षात कसा चालायचा

प्रश्न असा आहे: एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारच्या परवानगीनेच भारतातून लाखो मजूर ऊसमळ्यांवर नेले गेले. मग शतक संपता संपता त्याच वसाहतींनी भारतीयांना दार बंद कसे केले? सगळे एकाच राणीची प्रजा असताना हे कायद्यात बसवले तरी कसे?

थोडक्यात उत्तर आधी देतो. दार सगळ्यांना कधीच बंद झाले नाही. पाच वर्षांच्या करारात बांधून आणलेल्या मजुराला ते उघडेच होते. बंद झाले ते स्वतःच्या पैशाने तिकीट काढून येणाऱ्याला, आणि करार संपवून मोकळ्या झालेल्याला तिथे राहणे अवघड करून ठेवले. हे करणाऱ्या मुख्य कायद्यात 'भारतीय' किंवा 'आशियाई' लोकांना बंदी आहे, असे कुठेही लिहिलेले नव्हते. ही युक्ती कशी घडली हे पाहायला नाताळ सगळ्यात उपयोगी, कारण मजूर आणणे आणि माणसे अडवणे ही दोन्ही कामे तिथे एकाच वेळी, एकच सरकार करत होते.

नाताळ म्हणजे दक्षिण आफ्रिकेचा पूर्व किनारा, मुख्य बंदर दरबान. १८४३ मध्ये ही ब्रिटिश वसाहत झाली आणि किनाऱ्यालगत ऊस लावला जाऊ लागला. तिथल्या मूळच्या झुलू लोकांकडे स्वतःची गुरे आणि जमीन होती. मळेवाल्याने ठरवलेल्या मजुरीवर वर्षभर राबायची त्यांना गरज नव्हती. मळेवाल्यांपुढे मॉरिशसचे उदाहरण तयार होते. गुलामगिरी संपवण्याचा कायदा झाल्यावर तिथे १८३४ मध्ये भारतीय मजुरांना आणणारे 'अ‍ॅटलस' हे जहाज लागले, आणि पुढच्या सात-आठ दशकांत सुमारे साडेचार लाख माणसे त्या बेटावर उतरली. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तिन्ही बंदरांतून ती गेली. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरी आणि मालवणाकडची कोकणी माणसे होती. मॉरिशसमध्ये आजही जो मराठी समाज आहे, त्याचे मूळ तिथे आहे. नाताळने हीच व्यवस्था उचलली. १८५९ मध्ये कायदे केले आणि १६ नोव्हेंबर १८६० रोजी मद्रासहून 'ट्रूरो' हे जहाज ३४२ माणसे घेऊन दरबानला पोचले. १९११ पर्यंत असे सुमारे १,५२,००० मजूर तिथे गेले. त्यांतले बहुतेक मद्रासमार्गे गेले, उरलेले कलकत्तामार्गे. म्हणून नाताळच्या मजुरांच्या नोंदींत मराठी नावे शोधणाऱ्यांच्या हाती फारसे काही लागत नाही. मराठी माणूस तिथे आला तो वेगळ्या वाटेने, त्याकडे पुढे येतो.

भरतीची पद्धत कागदावर चोख होती. वसाहतीचा एजंट बंदरात बसे. त्याच्या हाताखाली परवानाधारक भरती करणारे असत, ज्यांना उत्तरेत 'अरकाटी' म्हणत. अरकाटी माणूस गाठून जिल्ह्याच्या नोंदणी अधिकाऱ्यापुढे उभा करी. तिथे कराराच्या अटी वाचून दाखवायच्या, 'राजीखुशीने जातोस का' असे विचारायचे आणि नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, जिल्हा, अंगावरच्या खुणा लिहून घ्यायच्या. मग बंदरातला डेपो, डॉक्टरची तपासणी, पास आणि जहाज. दर शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया असल्याच पाहिजेत, असा भारत सरकारचा नियम होता.

हे बिघडत होते ते पहिल्याच पायरीवर. अरकाट्याला दर माणशी पैसे मिळत, त्यामुळे देश किती लांब, काम कोणते, शिक्षा कोणती, हे तो सांगत नसे. अधिकाऱ्यापुढचा प्रश्न खरा असला तरी तोपर्यंत माणूस घरापासून तुटलेला आणि अरकाट्याच्या अन्नावर जगत असे, त्यामुळे उत्तर ठरलेलेच असायचे. चाळीस स्त्रियांचा आकडा भरला नाही तर जहाज अडे. त्यामुळे विधवा, टाकलेल्या बायका, तीर्थाला निघालेल्या एकट्या बायका यांच्यावर अरकाट्यांची विशेष नजर असे. बायकांच्या रक्षणासाठी म्हणून केलेला नियम त्यांनाच जाळ्यात ओढायचे निमित्त ठरला.

करार म्हणजे 'अ‍ॅग्रीमेंट', त्याचेच मजुरांच्या तोंडी 'गिरमिट' झाले. मुदत पाच वर्षे. पगार पहिल्या वर्षी महिना १० शिलिंग, मग दर वर्षी एक शिलिंगाची वाढ, पाचव्या वर्षी १४. वर शिधा, खोली आणि औषधपाणी. पण खरा पेच वेगळाच होता. करार मोडणे हा फौजदारी गुन्हा होता. साधा नोकर काम सोडून गेला तर मालक फार तर नुकसानभरपाई मागेल. गिरमिटिया लेखी परवानगीशिवाय मळ्याबाहेर दिसला तर तुरुंगात जाई. मालकाविरुद्ध तक्रार करायला 'प्रोटेक्टर' नावाच्या संरक्षक अधिकाऱ्याकडे निघालेला मजूरही याच कलमात पकडला जाऊ शके. मॉरिशसमध्ये तर एक दिवस गैरहजेरी म्हणजे दोन दिवसांचा पगार कापायची रीत होती. लोक तिला 'डबल कट' म्हणत. महिन्यात पंधरा दिवस आजारी पडलेल्या माणसाचा पगार पहिल्या तारखेला शून्य होई. ही फौजदारी बाजू ध्यानात ठेवावी, कारण पुढची सगळी बंदी तिच्याभोवती फिरते. ज्याला कायद्याने मळ्याला बांधता येते तो चालतो, ज्याला बांधता येत नाही तो नको.

करार संपल्यावर बहुतेकांनी परतीची वाट धरली नाही. भाजीपाला, मासेमारी, रेल्वे, फेरीचा धंदा यांत ते शिरले. दरबानला भाजी स्वस्त झाली ती यांच्यामुळे. त्यांच्या पाठोपाठ १८७० च्या दशकापासून सुरत आणि काठियावाडचे व्यापारी स्वतःच्या खर्चाने येऊ लागले. त्यांना 'पॅसेंजर' हिंदी म्हणत. ते गिरमिटियांना आणि झुलूंना कमी नफ्यावर माल विकत आणि गोऱ्या दुकानदाराचे गिऱ्हाईक जाई. १८९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत नाताळमधल्या भारतीयांची संख्या गोऱ्यांच्या बरोबरीला आली होती. मळेवाल्याला मजूर हवा होता, दुकानदाराला स्पर्धक नको होता, आणि १८९३ मध्ये नाताळला अंतर्गत स्वराज्य मिळाल्यावर कायदा करायची ताकद या दोघांच्या हातात आली. तडजोड उघड होती: भरती चालू ठेवायची, पण आलेला माणूस मोकळा होऊन राहता कामा नये.

पहिला प्रयत्न फसला, आणि त्यातूनच पुढची युक्ती निघाली. १८९४ मध्ये नाताळने आशियाई लोकांचा मताधिकार काढून घेणारे विधेयक मांडले, नाव घेऊन. त्याविरुद्ध सुमारे दहा हजार सह्यांचा अर्ज लंडनला गेला. भारतात राणीचा १८५८ चा जाहीरनामा लागू होता आणि त्यात प्रजेत भेद न करण्याचे वचन होते. वसाहतमंत्र्यांनी विधेयक अडवले. नाताळने १८९६ मध्ये तेच पुन्हा आणले, शब्द बदलून: ज्या देशांत संसदीय मताधिकारावर उभ्या असलेल्या प्रातिनिधिक संस्था नाहीत, तिथल्या लोकांना व त्यांच्या वंशजांना मतदार यादीत घेऊ नये. भारतात तशा संस्था नव्हत्या, कारण इंग्रजांनी त्या दिलेल्या नव्हत्या. हे विधेयक मंजूर झाले. लंडनचा आक्षेप भेदभावाला नव्हता, भेदभावाच्या उघड शब्दांना होता, हे नाताळच्या पुढाऱ्यांना इथे नेमके कळले.

दुसरे पाऊल कराचे. १८९५ च्या १७ व्या कायद्याने ठरवले की करार संपल्यावर जो परत जाणार नाही आणि नवा करारही करणार नाही, त्याने दर वर्षी ३ पौंड भरून परवाना काढावा. नाताळची मूळ मागणी २५ पौंडांची होती. भारत सरकारने ती तीनवर आणून संमती दिली. आता हिशेब करा. तीन पौंड म्हणजे ६० शिलिंग. पाचव्या वर्षीच्या १४ शिलिंग पगाराने हा सव्वाचार महिन्यांचा पगार झाला. रुपयांत, पुढे स्थिर झालेल्या दराने, ४५. पुढे १९०३ मध्ये हा कर सोळा वर्षांवरच्या मुलांना आणि तेरा वर्षांवरच्या मुलींनाही लावला. नवरा, बायको, एक मोठा मुलगा आणि एक मुलगी असे घर असेल तर वर्षाला १२ पौंड, म्हणजे २४० शिलिंग. चौदाच्या पगाराने वर्षाची सगळी कमाई १६८ शिलिंग. हा कर भरता यावा म्हणून बसवलेलाच नव्हता. तो भरता येऊ नये आणि माणसाने पुन्हा पाच वर्षांच्या करारावर अंगठा उठवावा, यासाठी होता. तिजोरीत किती आले यावरून या कराचे मोजमाप करणारे अभ्यासक त्याचा हेतूच चुकवतात. किती जणांनी पुन्हा करार केला, तो आकडा पाहायला हवा.

मग १८९७ चा १४ वा कायदा, स्थलांतर निर्बंध कायदा. त्याला निमित्त मुंबईचे मिळाले. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग सुरू झाला. मुंबईहून निघालेली 'कोर्लंड' आणि 'नादरी' ही दोन जहाजे डिसेंबरात दरबानला पोचली. 'कोर्लंड'वर गांधी सहकुटुंब होते. प्लेगच्या नावाखाली १८ डिसेंबर ते १३ जानेवारी ही जहाजे बंदराबाहेर अडवून ठेवली आणि तेवढ्या वेळात धक्क्यावर गोऱ्यांचे मोर्चे उभे राहिले. काही महिन्यांत नाताळच्या संसदेने एकापाठोपाठ कायदे केले. एकाने विलगीकरणाचे अधिकार वाढवले. एकाने दुकानाचे परवाने देणे-नाकारणे नगरपालिकेच्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडले: हिशेबाच्या वह्या इंग्रजीत हव्यात, आणि परवाना नाकारला तर न्यायालयात नाही, नगरपालिकेकडेच अपील करायचे. नगरपालिकेत कोण बसत होते? स्पर्धक दुकानदार.

चौदाव्या कायद्याची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. कंगाल, वेडे, संसर्गजन्य रोगी, गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेले आणि वेश्याव्यवसायाशी संबंध असलेले, यांना मज्जाव. अशी यादी तेव्हा अनेक देशांत होती. खरे कलम पहिलेच होते: परिशिष्टात दिलेल्या नमुन्याप्रमाणे वसाहत सचिवाला लिहायचा अर्ज ज्याला युरोपातल्या कोणत्याही एका भाषेच्या लिपीत लिहिता येत नाही, तो 'निषिद्ध'. अर्जात नाव, गेल्या बारा महिन्यांचा पत्ता, धंदा, जन्मगाव आणि साल, एवढेच. मोडी, देवनागरी, गुजराती, तमिळ, उर्दू यांत हिशेबाच्या वह्या लिहिणारा माणूस या कलमाने निरक्षर ठरला. ही कल्पना नाताळची स्वतःची नव्हती. अमेरिकन काँग्रेसमध्ये त्याच सुमारास युरोपातून येणाऱ्यांसाठी साक्षरतेच्या चाचणीचे विधेयक गाजत होते, तिथून ती घेतली. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांनी त्या विधेयकावर नकाराधिकार वापरला. नाताळमध्ये ती कायदा झाली.

असा कायदा वाचताना बंदीच्या कलमाआधी चार जागा पाहाव्यात: सूट कोणाला आहे, निर्णय कोण घेतो, दंड कोणाला होतो, आणि अपील कुठे जाते. चौदाव्या कायद्यात सूट होती ती सरकारने मान्य केलेल्या योजनेखाली आणलेल्यांना, म्हणजेच गिरमिटियांना. अक्षरओळख नसलेला मजूर मळ्यासाठी चालत होता आणि अक्षरओळख असलेला मुनीम दुकानासाठी चालत नव्हता. निर्णय बंदरातला अधिकारी घेई, आणि चाचणी कोणाची घ्यायची हेही तोच ठरवी. गोऱ्या उतारूला कागद-पेन पुढे करण्याचे कारणच पडत नसे. दंड जहाजाला होई. निषिद्ध माणूस उतरू दिला तर कप्तान आणि मालक यांना किमान १०० पौंड, तो ५,००० पौंडांपर्यंत वाढू शके, आणि भरेपर्यंत जहाजाला बंदर सोडायची परवानगी नाही.

माझ्या मते सगळ्यात परिणामकारक कलम हेच होते, आणि त्याचीच चर्चा सगळ्यात कमी होते. एवढा दंड डोक्यावर असताना कोणती आगबोट कंपनी धोका पत्करेल? त्यामुळे खरी चाळणी दरबानच्या धक्क्याआधीच, मुंबईत तिकीट विकताना लागे. तिथे तिकीट नाकारले गेले की कुठेही नोंद होत नाही, अर्ज नाही, नकार नाही, अपील नाही. बंदरातून परत पाठवलेल्यांचा आकडा पाहून 'फारसे कोणी अडवले गेले नाही' असा निष्कर्ष काढणे म्हणूनच चूक आहे. कायदा जितका यशस्वी, तितका तो आकडा लहान.

धक्क्यावरचे काम साधारण असे चाले. जहाज बाहेर नांगर टाकी. आधी आरोग्य अधिकारी चढे, मग स्थलांतर अधिकारी. उतारूंची विभागणी होई: आधीपासून राहणारे आणि दाखला जवळ असलेले, अर्ज लिहून दाखवणारे, आत असलेल्या माणसाची बायको किंवा अज्ञान मुले म्हणून येणारे, आणि उरलेले. उरलेले जहाजावरच राहत आणि कंपनीच्या खर्चाने परत जात. १०० पौंड अनामत ठेवून उतरायची आणि आठवड्यात पात्रता सिद्ध करायची सोय कायद्यात होती, पण १०० पौंड किती जणांकडे असणार? जुन्या रहिवाशाला अधिवासाचा दाखला लागे आणि त्यावर अंगठ्याचा ठसा. सगळ्यात जास्त ओढाताण बायकामुलांची. मूल खरोखर याचेच का, वय सोळाच्या आत का, लग्न झाले का, याचे पुरावे मागितले जात आणि आपल्याकडच्या गावांत जन्माचा दाखला नावाची वस्तूच नव्हती.

या कायद्यात एक भोक राहिले होते. अर्जाचा नमुना परिशिष्टात छापलेला, मजकूर ठरलेला. ठरलेला मजकूर आधी गिरवून येता येतो. आणि इंग्रजी शिकलेल्याला तर अडवण्याचा मार्गच नव्हता. नाताळने १९०३ मध्ये कायदा आणखी कडक केला, पण हे भोक खऱ्या अर्थाने बुजवले ते ऑस्ट्रेलियाने.

१८९७ च्या उन्हाळ्यात राणीच्या राज्यारोहणाच्या साठाव्या वर्षानिमित्त वसाहतींचे पंतप्रधान लंडनला जमले. वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांनी त्यांना सांगितले की वंश आणि रंग यांचा उल्लेख टाळा आणि नाताळसारखे शब्द शोधा. इथून नाताळचा कायदा साम्राज्याचा साचा झाला. ऑस्ट्रेलियाच्या नव्या संघराज्याने १९०१ मध्ये पहिल्याच वर्षी तो उचलला, पण ठरलेला अर्ज काढून टाकला. त्याऐवजी अधिकारी पन्नास शब्दांचा उतारा युरोपातल्या एका भाषेत वाचेल आणि उतारूने तो लिहायचा. भाषा निवडणार अधिकारी. इंग्रजी येत असेल तर दुसरी काढायची. जपानने 'युरोपातली' या शब्दाला हरकत घेतली म्हणून १९०५ मध्ये 'ठरवून दिलेली कोणतीही भाषा' असा बदल केला. वागणूक तीच राहिली. १९०२ आणि १९०३ मध्ये ८०५ जणांची चाचणी झाली, ४६ उत्तीर्ण. १९०४ ते १९०९ मध्ये ५५४ जणांतून ६. त्यानंतर कोणीच नाही. १९३४ मध्ये एगॉन किश या अनेक भाषा येणाऱ्या युरोपीय पत्रकाराला अडवण्यासाठी स्कॉटलंडची गेलिक काढली, तेव्हा तिथल्या उच्च न्यायालयाने ती या कायद्याच्या अर्थाने युरोपीय भाषा नाही असा निकाल दिला. ही चाचणी १९५८ पर्यंत कायद्यात होती. त्याच १९०१ साली ऑस्ट्रेलियाने टपाल नेणाऱ्या आगबोटींवर फक्त गोरे कामगार असावेत अशी अटही घातली. मुंबईहून सुटणाऱ्या आगबोटींवरचे खलाशी, आगवाले आणि गोव्याचे रसोये-वाढपी यांच्या पोटावर येणारी ही अट होती.

कॅनडाने शब्द आणखी निरुपद्रवी शोधले. ८ जानेवारी १९०८ च्या आदेशाप्रमाणे जन्मदेशातून सलग प्रवासाने, तिथेच काढलेल्या थेट तिकिटावर आलेल्यालाच उतरता येईल. कलकत्ता ते व्हँकुव्हर थेट तिकीट देणारी एकच कंपनी होती, कॅनेडियन पॅसिफिक, आणि तिला ते विकू नका असे सांगितले गेले. वर आशियाई माणसाजवळ २०० डॉलर हवेत. १९१३ च्या नोव्हेंबरात 'पनामा मारू'च्या उतारूंच्या खटल्यात न्यायालयाने हा आदेश रद्द केला, कारण आदेशातले शब्द मूळ कायद्यातल्या शब्दांशी जुळत नव्हते. सरकारने शब्द दुरुस्त करून १९१४ च्या जानेवारीत तो पुन्हा काढला. मे महिन्यात ३७६ उतारू घेऊन 'कोमागाता मारू' पोचले ते या दुरुस्त आदेशापुढे. ते हाँगकाँगहून शांघाय आणि जपान करत आले होते. दोन महिने बंदरात अडकून २३ जुलैला परत फिरले.

अमेरिकेने मात्र सुरुवातीला नाव घेऊनच बंदी घातली. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना दहा वर्षे मज्जाव केला. चिनी माणूस अमेरिकेची प्रजा नव्हता आणि पेकिंगच्या दरबाराला न दुखवण्याची गरज वॉशिंग्टनला वाटत नव्हती, म्हणून झाकपाक लागली नाही. १८८८ मध्ये परत येण्याचे दाखलेच रद्द केले, तेव्हा दाखला घेऊन घरी गेलेले सुमारे २०,००० चिनी बाहेर अडकले. पण इथेही कागदावर उभी केलेली भिंत कागदानेच फोडली. १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोची जन्मनोंद जळाली. आपण इथेच जन्मलो असे सांगणाऱ्याला खोटे पाडायला नोंदच उरली नाही. नागरिक ठरलेला माणूस चीनमध्ये मुलगे असल्याचे नोंदवी आणि त्या जागा विकल्या जात. मग सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एंजल आयलंड या बेटावरच्या तपासणी ठाण्यात अधिकारी विचारू लागले: घराला पायऱ्या किती, विहीर कोणत्या बाजूला, शेजाऱ्याच्या घरात कोण. खऱ्या मुलाचे एखादे उत्तर चुकले तर तोही खोटा ठरे. भारतीयांची पाळी १९१७ ला आली आणि तेव्हा अमेरिकेनेही नाव टाळले: अक्षांश-रेखांश देऊन आशियाचा मोठा पट्टा निषिद्ध केला.

नाताळशेजारच्या ट्रान्सवाल या वसाहतीत हीच गोष्ट हातांच्या ठशांवर आली. बोटांच्या ठशांची वर्गवारी बंगालच्या पोलिसांत तयार झाली होती. एडवर्ड हेन्री त्या खात्याचे प्रमुख, आणि त्यांनाच १९०० मध्ये पोलीस खाते बांधायला दक्षिण आफ्रिकेला पाठवले होते. १९०७ चा कायदा आशियाई रहिवाशांकडून दहाही बोटांचे ठसे मागू लागला, जे तोवर गुन्हेगारांचे घेत. सत्याग्रह इथे सुरू झाला. पण त्याच ट्रान्सवालने १९०४ पासून सोन्याच्या खाणींसाठी सुमारे ६३,००० चिनी मजूर आणले आणि १९१० पर्यंत जवळजवळ सगळे परत पाठवले. कोणती कुशल कामे त्यांनी करायची नाहीत, याची यादीच कायद्याला जोडलेली होती. नाताळमधला मजूर मोकळा होऊन राहिला होता. ही 'चूक' इथे करारातच सुधारून घेतली.

हे सगळे कुठे मोडले, तर मजूर पुरवणाऱ्या टोकाला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी ही नस बरोबर पकडली असे मला वाटते. वसाहतीचा कायदा कलकत्त्यात बसून बदलता येत नव्हता, पण भरती भारताच्या कायद्याने चालत होती. २५ फेब्रुवारी १९१० रोजी त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात नाताळसाठी भरती थांबवावी असा ठराव मांडला, तो मंजूर झाला आणि १ जुलै १९११ पासून भरती बंद झाली. सगळ्याच वसाहतींची गिरमिट बंद करावी हा त्यांचा मार्च १९१२ चा ठराव मात्र सरकारने पाडला. त्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात ते दक्षिण आफ्रिकेत फिरले. नाताळ, केप, ट्रान्सवाल वगैरे वसाहतींचे आता एक संघराज्य झाले होते. त्याचे मंत्री बोथा आणि स्मट्स यांना भेटल्यावर तीन पौंडांचा कर जाणार असा त्यांचा समज झाला. नंतर मंत्र्यांनी तसे वचन दिल्याचे नाकारले.

याच दौऱ्यात मराठी माणूस तिथे कसा पोचला होता ते दिसते. रत्नागिरी आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांकडचे कोकणी मुसलमान स्वतःच्या खर्चाने केप टाउन आणि जोहान्सबर्गला गेलेले होते. त्यांच्यासमोर गोखले मराठीत बोलले आणि गांधींनी त्याचे हिंदुस्तानी केले.

कर गेला नाही, म्हणून १९१३ च्या ऑक्टोबरात नाताळमधल्या न्यूकॅसलच्या कोळसा खाणीत संप सुरू झाला. त्याच वर्षी केपचे न्यायमूर्ती सर्ल यांनी असा निकाल दिला होता की ज्या धर्मात एकाहून अधिक बायका करता येतात, त्या धर्माप्रमाणे लागलेले लग्न स्थलांतराच्या कायद्यासाठी लग्न नाही. एका निकालाने हजारो बायका 'बायको' या सवलतीतून बाहेर पडल्या, म्हणूनच स्त्रिया चळवळीत उतरल्या. ६ नोव्हेंबरला २,०३७ पुरुष, १२७ स्त्रिया आणि ५७ मुले ट्रान्सवालच्या हद्दीकडे चालत निघाली. संप किनाऱ्यावरच्या मळ्यांत पसरला. सरकारने खाणींची आवारेच तुरुंग म्हणून जाहीर केली आणि खाणीचे गोरे मुकादम वॉर्डर नेमले. करार मोडणे गुन्हा असल्याचा अर्थ यापेक्षा उघड कुठे दिसत नाही: तीच खाण, तोच मुकादम, फक्त मजुरीशिवाय.

१९१४ च्या कायद्याने कर रद्द झाला, एकपत्नी विवाहांना मान्यता मिळाली आणि ठसा जुळत असेल तर अधिवासाचा दाखला निर्णायक पुरावा धरायचे ठरले. नवीन येणाऱ्यांची बंदी मात्र तशीच राहिली. १९१३ च्या संघराज्याच्या कायद्यात आता भाषेच्या चाचणीचीही गरज उरली नव्हती: 'आर्थिक कारणांमुळे किंवा राहणीमान व सवयींमुळे' अयोग्य वाटणारा कोणताही वर्ग मंत्री निषिद्ध ठरवू शके, आणि स्मट्स यांनी आदेश काढून सगळे आशियाई त्यात घातले. भारतातून सगळीकडची गिरमिट भरती थांबली ती १९१७ मध्ये.

कोणाला घरच्या माणसाचा माग काढायचा असेल तर एक व्यवहाराची गोष्ट. गिरमिटियाची नोंद जाडजूड असते: क्रमांक, बापाचे नाव, जात, गाव, उंची, व्रण, मालकाचे नाव. नावाचे स्पेलिंग कारकुनाने कानाला लागेल तसे केलेले असते, म्हणून नावापेक्षा गाव, वय आणि जहाज धरून शोधावे. गावाच्या रकान्यात कधी तालुका असतो, कधी नुसते 'बॉम्बे', आणि मुंबईहून जहाजात बसलेला प्रत्येक जण मुंबईकर नसतो. स्वखर्चाने गेलेल्या कोकणी माणसाची अशी नोंद जहाजावर होत नसे. तो सापडतो परवान्यांच्या फायलींत: केपमधून घरी जाताना ठरावीक मुदतीचा, फोटो लावलेला परवाना घ्यावा लागे आणि मुदत उलटली की परतण्याचा हक्क जाई. आजारपण, आईचे दिवस, चुकलेली बोट अशी कारणे देऊन मुदत वाढवून मागणारे अर्ज त्याच फाइलमध्ये टाचलेले असतात.